मुंबईची तंतुवाद्य चौकडी : वॉल्टर कॉफमन, मेहली मेहता आणि दिवाणखान्यातले संगीत

सकाळी रेडिओ लावला की कार्यक्रम सुरू होण्याआधी वाजणारी आकाशवाणीची धून आपल्या सीमाभागात दोन-तीन पिढ्यांच्या कानांत बसलेली आहे. धारवाड लावा, सांगली लावा की पणजी, सुरुवात तीच. खाली तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. ही धून बांधण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराला दिले जाते, आणि तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहता यांचे असल्याचे मानतात. या दोघांनी मुंबईत जे दुसरे काम केले ते मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. म्हणून ही नोंद.

चेंबर म्हणजे खोली. मोठ्या सभागृहासाठी साठ-सत्तर वादकांचा ताफा लागतो, तर दिवाणखान्यात वाजवण्यासाठी तीन, चार, पाच जण पुरतात. अशा संगीताला पाश्चात्त्यांनी चेंबर म्युझिक म्हटले. त्यातला सर्वांत कसाचा प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. अठराव्या शतकात हायडनने त्याला आकार दिला, मग मोत्सार्ट आणि बेटहोवनने तो कुठल्या कुठे नेला. समोर काठी घेऊन उभा राहणारा संचालक नसतो. लय कुणी धरायची, कुणी मागे राहायचे, स्वर किंचित चढा लागला तर कुणी सावरून घ्यायचे, हे चौघांनी एकमेकांकडे बघत आणि ऐकत ठरवायचे. बेळगावच्या श्रोत्याला हे समजायला अवघड जाऊ नये. गवई, तबला, पेटी आणि तंबोरा अशी चौघांची बैठक आपण ऐकतच आलो आहोत. फरक एवढाच की आपल्या बैठकीत गवई मुख्य आणि बाकीचे साथीला असतात. क्वार्टेटमध्ये मुख्य सूर हातोहात फिरतो आणि प्रत्येकाचा शब्द न् शब्द आधी लिहिलेला असतो.

कॉफमन यांचा जन्म १९०७ सालचा, कार्ल्सबाडचा. बर्लिन आणि प्राग येथे त्यांचे शिक्षण झाले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू संगीतकाराला जर्मनीत जागा उरली नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईला उतरले. हिंदुस्थानच का, याचे त्यांचे उत्तर साधे होते. इथला व्हिसा मिळत होता. आमच्या मते त्यांच्याबद्दल आदर वाटावा अशी गोष्ट यापुढची आहे. इथल्या संगीताच्या तबकड्या त्यांनी ऐकल्या तेव्हा त्यांना काहीच उमगेना. पण ज्या संगीतावर लाखो माणसे जीव टाकतात त्यात काही नसणे शक्य नाही, तेव्हा उणीव आपल्याच कानात असली पाहिजे, असा विचार करून ते इथल्या संगीताच्या अभ्यासाला बसले. पुढे १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला, त्याचे मूळ इथे आहे.

आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात बैठक होई. पियानोवर स्वतः कॉफमन, चेलोवर इटालियन वादक एजिदियो वेर्गा, व्हायोलिनवर मेहली मेहता. कॉफमन आणि मेहता दोघेही तेव्हा पंचविशीतले. श्रोते थोडेच, बहुतेक युरोपियन आणि पारशी. तरी मे १९३७ पर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांत १३६! आजच्या कोणत्याही संगीत मंडळाने हा आकडा स्वतःच्या वार्षिक अहवालाशेजारी ठेवून पाहावा.

मेहली मेहता १९०८ साली मुंबईत जन्मले. सिम्फनी वाजवणारा वाद्यवृंद शहरात धड नव्हता, त्यामुळे हायफेट्झ आणि क्राइसलर यांच्या तबकड्या हेच मोठे गुरुकुल. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची परीक्षा त्यांनी दिली. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. त्याच्या तालमी घरी चालत. दिवाणखान्यातल्या या तालमी ऐकत वाढलेला त्यांचा मुलगा झुबिन (जन्म १९३६) पुढे जगातल्या मोठ्या वाद्यवृंदांचा संचालक झाला. मेहलींची स्वतःची वाट मात्र सोपी नव्हती. १९४५ मध्ये, वयाच्या छत्तिशीत, बायको-मुलांना मुंबईत ठेवून ते न्यू यॉर्कला इव्हान गॅलमियन यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून शिकायला गेले. त्यानंतर मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, मग फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन. १९६४ पासून लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी तरुण वादकांचा वाद्यवृंद तीसहून अधिक वर्षे घडवला. ज्याने मुंबईत क्वार्टेट काढला त्याला क्वार्टेट वाजवूनच पोट भरायचे तर देश सोडावा लागला, ही वस्तुस्थिती आहे.

१९४० सालाची दुसरी बाजूही इथे लिहिली पाहिजे, कारण ती थेट आपल्या गावापर्यंत पोचते. त्याच वर्षी १ मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी घातली. पेटीचे स्वर ठरीव, तिच्यातून श्रुती आणि मींड निघत नाही, हा आक्षेप. दिल्ली केंद्रावरच्या युरोपियन संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनी तो आधीच जोरात मांडला होता, आणि खुद्द रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधात होते. साथीला पेटी घेण्याची मुभा पुन्हा मिळायला १९७१ उजाडले, तीही अटी घालून. बेळगावचे पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) बंदी आली तेव्हा तेवीस वर्षांचे होते. ज्या वाद्याला सरकारी माध्यमात तीस वर्षे दार बंद होते, ते वाद्य त्यांनी बेळगावात पिढ्यान् पिढ्यांना शिकवले आणि थोरथोर गवयांना साथ केली. रेडिओने व्हायोलिनला मानाचे पान दिले आणि पेटीला पंगतीबाहेर ठेवले. बैठका मात्र पेटीशिवाय अडत राहिल्या. आक्षेपात तथ्य होते, पण बंदी हा त्यावरचा उपाय नव्हता असे आम्हाला वाटते.

कॉफमन १९३७ पासून मुंबई केंद्रावर युरोपियन संगीताचे काम पाहत होते. चित्रपटांसाठीही त्यांनी संगीत दिले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते निघाले. आधी इंग्लंड, मग कॅनडा, विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालकपद, आणि १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठ. १९८४ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या चेंबर रचना कित्येक वर्षे पेटाऱ्यात पडून होत्या. त्यांतल्या काही, दोन क्वार्टेट धरून, टोरांटोच्या एआरसी आँसाम्बल या गटाने ध्वनिमुद्रित केल्या. ती तबकडी २०२० मध्ये निघाली. ज्यांना हा प्रकार ऐकून पाहायचा आहे त्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी. युरोपियन बांधणीतून मधेच आपल्याकडच्या स्वरांची चाहूल लागते.

आता आपल्याकडच्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांविषयी. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर यांच्या परंपरेने व्हायोलिन आपल्या बैठकीत पक्के बसले. मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून, तारा सा-प धरून लावायच्या. क्वार्टेटमध्ये तेच वाद्य हनुवटीखाली जाते, तारा ठरलेल्या चार स्वरांत लागतात आणि डोळे स्टाफ नोटेशनवर असतात. हाताची तयारी कामी येते, गळ्यासारखी मींड काढणारा कान तर फारच. अडते ते वाचनापाशी. आपला विद्यार्थी ऐकून शिकलेला असतो, त्यामुळे समोरचे पान वाचत असतानाच बाकी तिघांचे ऐकणे हे त्याला नव्याने शिकावे लागते. दुसरी अडचण व्हिओलाची. व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या सुराचे हे वाद्य शिकायला कुणी मुद्दाम येत नाही. चौघे जमले की बहुधा एका व्हायोलिनवाल्यालाच ते हाती घ्यावे लागते.

जवळचे शिक्षण गोव्यात. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, त्याची मुळे १९५२ मध्ये अंतोनियु द फिगेरेदो यांनी काढलेल्या संगीतशाळेत आहेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनच्या रांगा भरल्या त्या गोव्याच्या वादकांनीच. त्यांतल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये रागांवर बेतलेल्या रचना पूर्ण वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी पुढे 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात गुरूचे नाव गुंफले. मुंबईत २००६ पासून एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे आणि मेहलींच्या नावाची संस्था मुलांना शिकवते. बेळगावहून चोर्ला घाटाने पणजी तीनेक तासांवर आहे. पावसाळ्यात घाट बंद नाही ना, हे आधी विचारून निघावे.