खाज किड्याची कीं देहाची?

तरुणपणीं मी शिक्षक असतांना माझ्या वर्गांतील एक मुलगा सारखा बोटांच्या बेचक्या खाजवी. मीं त्याला निराळ्या बाकावर बसविलें. महिन्याभरानें त्याचे जुने दोघे सोबती खाजवूं लागले, तेव्हां दोष मीं त्याच्याच अस्वच्छतेला दिला. तो निवाडा किती कच्चा होता, हें मला पुढें इतिहासानें शिकविलें.

इटलींतील जोव्हान्नी बोनोमो यानें १६८७ सालीं सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिलेल्या खरजेच्या किड्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. कोळ्याच्या कुळांतील हा आठ पायांचा जीव; त्याची मादी कातडीच्या वरच्या थरांत बीळ पाडून अंडीं घालते. रोगाचें कारण सांपडलें. परंतु खाज नेमकी केव्हां व कां सुटते, हें कोडें पुढें अडीचशें वर्षें राहिलें.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांतील शिपायांत खरूज बळावली. १९४१ सालीं शेफील्ड शहरीं केनेथ मेलनबी ह्या कीटकशास्त्रज्ञानें, शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणाऱ्या तरुणांवर, त्यांच्याच संमतीनें, प्रयोग आरंभिले. रोग्यांचे कपडे व कांबळीं वापरूनही त्यांना सहसा कांहीं होईना. रोग्यासह एका अंथरुणांत निजल्यावर मात्र खरूज जडे. विशेष हें, कीं किडे अंगांत शिरल्यावरही पहिला सुमारें एक महिना खाज सुटत नसे. तोच मनुष्य बरा होऊन पुन्हां ग्रासला, तर मात्र चोवीस तासांतच ती सुटे, आणि किडेही फारसे वाढत नसत. अर्थ उघड होता. खाज ही किड्याच्या चाव्याची नव्हे. परक्यास ओळखावयास शिकलेल्या देहाच्या प्रतिकाराची ती खूण. सामान्य रोग्याच्या अंगावर प्रौढ माद्या सरासरी ११च निघाल्या. उलट, नॉर्वेंतील कुष्ठरोग्यांत १८४८ सालीं वर्णिलेल्या खपलीदार खरजेंत, प्रतिकार दुबळा असल्यानें, किडे हजारोंनीं माजतात.

कुत्र्याच्या लुतेचा किडा ह्याच जातीचा. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत लॅरी आर्लियन व त्यांचे सहकारी यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोग केले, तेव्हां लुतेंतून बरे झालेल्या पुष्कळ कुत्र्यांनीं दुसऱ्या खेपेस किड्यांस थारा दिला नाहीं. कुत्र्याचा किडा माणसास खाज आणतो, पण त्याच्या कातडींत सहसा वंश वाढवूं शकत नाहीं. तेव्हां घरच्या कुत्र्यास हाकलूं नये. त्यास औषध द्यावें.

आतां माझ्या वर्गाकडे वळतों. त्या दोन सोबत्यांना खरूज जडली ती बहुधा मीं बाक बदलण्यापूर्वींच. महिनाभर ती मुकी होती. कदाचित् त्या मुलालाच ती त्यांच्याकडून आली असेल, आणि पूर्वीं एकदां होऊन गेल्यामुळें त्याच्या देहानें पहिली हांक दिली असेल. म्हणूनच डॉक्टर सांगतात, कीं एकाला खरूज झाली तर न खाजवणाऱ्यांसह घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं औषध लावावें. हें मला तेव्हां ठाऊक असतें, तर मीं त्या पोराला बाकावरून उठविलें नसतें. त्याच्या घरीं गेलों असतों.