धुक्याच्या शहराचा फुटबॉल क्लब : कार्ताहिनेसची गोष्ट

फुटबॉलचा इतिहास म्हटला की आपण ब्राझील, अर्जेंटिना नाहीतर इंग्लंड, स्पेनकडे वळतो. आज मी तुम्हाला मध्य अमेरिकेत नेणार आहे, कोस्टा रिका या छोट्या देशात. तिथे कार्तागो नावाचं शहर आहे आणि त्या शहराचा क्लब आहे 'क्लब स्पोर्त कार्ताहिनेस'. स्थापना 1 जुलै 1906. देशातल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी हा एक. या क्लबनं 1940 साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतरचं विजेतेपद मिळवलं 2022 साली. मधली आठ दशकं काहीच नाही.

मला या गोष्टीत एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जो क्लब तीन पिढ्या जिंकत नाही, तो टिकतो कसा? त्याचे प्रेक्षक दुसऱ्या संघाकडे का जात नाहीत? याचं उत्तर शोधायचं तर आधी शहर समजून घ्यावं लागतं.

कार्तागो वसवलं स्पॅनिश लोकांनी, 1563 साली. शहराच्या डोक्यावर इरासू हा ज्वालामुखी आहे आणि डोंगरातलं धुकं वरचेवर शहरात उतरतं, म्हणून याला 'धुक्याचं शहर' म्हणतात. क्लबच्या खेळाडूंना आणि समर्थकांनाही त्यावरूनच 'ब्रुमोसोस', म्हणजे धुकेवाले, असं नाव पडलं. वसाहतीच्या काळात कार्तागो ही कोस्टा रिकाची राजधानी होती. 1821 मध्ये स्पेनची सत्ता संपली आणि पुढं काय, यावर शहरांत भांडण लागलं. कार्तागोतल्या वजनदार मंडळींना मेक्सिकोच्या नव्या साम्राज्यात सामील व्हायचं होतं. सान होसे शहराला प्रजासत्ताक हवं होतं. एप्रिल 1823 मध्ये ओचोमोगोच्या टेकड्यांवर दोन्ही बाजू लढल्या, कार्तागो हरलं आणि राजधानी सान होसेला गेली. ती परत आलीच नाही.

त्यात भूकंप. 1841 मध्ये शहर कोसळलं, पुन्हा उभं राहिलं. मग 4 मे 1910 च्या संध्याकाळी दुसरा मोठा भूकंप झाला. शेकडो माणसं गेली. मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचं सामायिक न्यायालय त्या वेळी कार्तागोत होतं. त्याची इमारत पडली आणि न्यायालयही सान होसेला हललं. शहराच्या मधोमध सांतियागोचं चर्च बांधलं जात होतं, ते अर्धवटच राहिलं. त्याच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही तशाच उभ्या आहेत. लोक त्या जागेला नुसतं 'अवशेष' म्हणतात.

आता या चौकटीत क्लब ठेवून बघा. 1906 मध्ये क्लब निघाला, चार वर्षांत शहर जमीनदोस्त झालं. फुटबॉल या देशात आला तो कॉफीच्या वाटेनं. कोस्टा रिकाची कॉफी इंग्लंडला जायची, कॉफीवर श्रीमंत झालेल्या घरांतली मुलं तिकडं शिकायला जायची आणि येताना चेंडू घेऊन यायची. सुरुवातीला हा खेळ त्याच वर्तुळात होता, मग गावागावांत पसरला. 1921 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, पहिलं विजेतेपद एरेडियानोनं घेतलं. कार्ताहिनेसचं पहिलं विजेतेपद 1923 चं. तारखेकडे लक्ष द्या, राजधानी गेल्याला बरोबर शंभर वर्षं झाली होती. हा योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. पण राजधानी गमावलेल्या शहराला देशात पहिलं येण्याचं काय अप्रूप असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पुढची दोन विजेतेपदं 1936 आणि 1940 ची.

1940 म्हणजे दुसरं महायुद्ध चालू आहे, भारतावर इंग्रजांचं राज्य आहे. सापरिसा हा कोस्टा रिकाचा आजचा सर्वांत यशस्वी क्लब तेव्हा पाच वर्षांचा होता आणि पहिल्या श्रेणीत पोचलाही नव्हता. त्यानं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं 1952 मध्ये. कार्ताहिनेस वाट बघत असताना सापरिसानं शून्यापासून सुरुवात करून पस्तीसहून अधिक विजेतेपदं जमवली.

इतकं अपयश आलं की माणूस कारण शोधतो. कार्तागोत दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी : 1940 च्या विजयानंतर खेळाडू दारूच्या नशेत, घोड्यांवर बसून थेट बॅसिलिकात शिरले. ही बॅसिलिका म्हणजे देशाचं सर्वांत मोठं तीर्थस्थान. 'ला नेग्रिता' ही काळ्या दगडाची छोटी मूर्ती तिथे आहे आणि दर वर्षी 2 ऑगस्टला देशभरातून लाखो लोक चालत तिथं येतात. तर म्हणे, पाद्रीबाबा संतापले आणि शाप दिला, की या संघातला शेवटचा खेळाडू मरेपर्यंत तुम्ही पुन्हा जिंकणार नाही. दुसरी गोष्ट 'मुन्येको'ची, म्हणजे बाहुल्याची. कुणीतरी करणी केलेला बाहुला मैदानाखाली पुरला, तो सापडेपर्यंत विजय नाही.

मी या गोष्टींना हसून सोडून देत नाही, पण त्यांना कारणही मानत नाही. साधा हिशोब करा. क्लबचं मैदान 'फेयो मेसा', क्लबच्याच एका जुन्या नामवंत खेळाडूच्या नावाचं. ते खुलं झालं 1949 मध्ये. म्हणजे बाहुला तिथं पुरला असेलच, तर त्याआधीची नऊ वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची? शिवाय शाप देणाऱ्या पाद्रीबाबांची गोष्ट, चर्चच्या बाबतीतल्या दंतकथा आणि अवशेषांच्या भुताच्या कथा, या सगळ्या एकाच मातीतल्या आहेत. भूकंपानं दोनदा पाडलेल्या शहराला संकटामागं शाप बघण्याची सवय आधीपासूनच होती. ती सवय त्यांनी फुटबॉलला लावली.

खरं कारण रुक्ष आहे. राजधानी जिथं, तिथं पैसा. सापरिसाचं मैदान सान होसेला लागून असलेल्या तिबास भागात आहे. सापरिसा, आलाहुएलेन्से आणि एरेडियानो या तिघांनी बहुतेक विजेतेपदं वाटून घेतली. विजयामुळं प्रेक्षक वाढतात, प्रेक्षकांमुळं पैसा येतो, पैशामुळं चांगले खेळाडू मिळतात. या चक्राच्या बाहेर राहिलेल्या क्लबकडं चांगला खेळाडू तयार झाला, की तो मोठ्या क्लबकडं जातो. म्हणजे 1823 मध्ये जे राजधानीबरोबर गेलं, त्याचाच हा एक हप्ता, असं मला वाटतं.

पण कार्ताहिनेस सगळा काळ दुबळा होता असं समजू नका. 1994 च्या कॉन्काकॅफ चॅम्पियन्स कपमध्ये, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या क्लबांच्या स्पर्धेत, हा संघ अंतिम फेरीत गेला. सामना फेब्रुवारी 1995 मध्ये कॅलिफोर्नियात झाला. समोर मेक्सिकोचा आतलान्ते. कार्ताहिनेस 3-2 नं जिंकला. गंमत बघा, ज्या शहरात जिंकला त्याचं नावही सान होसेच! स्वतःच्या देशात पन्नासहून अधिक वर्षं विजेता नसलेला क्लब संपूर्ण विभागाचा विजेता झाला. एरेडियानोकडं देशातली इतकी विजेतेपदं आहेत, पण हा चषक त्यांच्याकडं नाही. मग शाप काय देशाच्या सीमेपुरताच होता का?

घरी मात्र हातातोंडाशी आलेला घास जायचाच. 2007 पासून वर्षाला दोन विजेते ठरू लागले, म्हणजे संधी दुप्पट झाली. तरीही 2013 मध्ये एरेडियानोविरुद्धचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला आणि कार्ताहिनेस हरला.

शेवटी 2022 उजाडलं. प्रशिक्षक गेइनेर सेगुरा. गोल करणारा हुकमी माणूस मार्सेल एर्नांडेस, मूळचा क्युबाचा. हा खेळाडू मधल्या काळात आलाहुएलेन्सेकडं गेला होता, मी मघाशी सांगितलं त्याच चक्राप्रमाणं. पण तो परत आला. अंतिम फेरीत समोर आलाहुएलेन्सेच. घरी 1-0, मग आलाहुएलाच्या मैदानावर 1-1. एकूण 2-1. जुलै महिन्यात कार्तागोचे रस्ते निळ्यापांढऱ्या रंगानं भरून गेले. ज्यानं 1940 चा विजय दहा वर्षांचा असताना पाहिला असेल, तो आता नव्वदी ओलांडलेला होता. बाकी सगळ्यांना ती फक्त ऐकीव गोष्ट होती.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येतो. क्लब टिकला कसा? माझं उत्तर असं, की कार्तागोच्या लोकांसाठी क्लब ही विजयाची हमी कधी नव्हतीच. राजधानी गेली, न्यायालय गेलं, चर्च अर्धवट राहिलं. शहराचं नाव घेऊन दर आठवड्याला राजधानीच्या संघासमोर उभं राहणारं जे उरलं, ते या अकरा जणांच्या रूपात. हरले तरी ते आपलेच होते. आणि शापाच्या गोष्टीनंही इथं एक काम केलं. शाप आहे म्हणजे तो कधीतरी सुटणारही आहे. 'आपल्याकडं पैसा नाही' या वाक्याला शेवट नसतो, 'आपल्याला शाप आहे' या वाक्याला असतो. त्या शेवटाची वाट बघत तीन पिढ्या मैदानावर येत राहिल्या.

म्हणून क्लबांचा इतिहास वाचताना नुसती चषकांची यादी वाचू नका, एवढंच मी म्हणेन. त्या यादीत कार्ताहिनेसची 1940 ते 2022 ही वर्षं कोरी दिसतात. प्रत्यक्षात क्लबचा निम्म्याहून जास्त इतिहास त्या कोऱ्या जागेतच घडला आहे.