मुष्टिफंड : मूठभर धान्याचे लोकशिक्षण

महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासात संस्थानिकांच्या देणग्या आणि सरकारी अनुदाने यांची नोंद तपशिलाने आढळते. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा परिसरात खेड्यापाड्यांतील मुलांसाठी जी वसतिगृहे व शाळा उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे देण्याजोगे फारसे काही नसलेल्या कुटुंबांचे दानही होते. या दानाची एक रीत म्हणजे मुष्टिफंड. दळणासाठी धान्य काढताना घरातील स्त्रीने त्यातील एक मूठ निराळ्या मडक्यात टाकायची आणि साठलेले धान्य कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून गोळा करायचे, एवढीच ती व्यवस्था होती.

विद्यार्थ्याच्या पोटाची काळजी समाजाने वाहावी ही कल्पना त्यापूर्वीही रुजलेली होती. पुण्यासारख्या शहरांत गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत, म्हणजे काही ठरलेल्या घरांतून शिजवलेले अन्न आणून त्यावर गुजराण करीत, किंवा वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका कुटुंबाकडे जेवायला जात. या प्रथेने अनेकांचे शिक्षण पार पडले, हे निर्विवाद आहे. पण तिला जातीचे कुंपण होते आणि कुणबी, महार किंवा मांग मुलाला त्या दारांशी उभे राहता येत नव्हते. हे कुंपण ओलांडणाऱ्या दानाची वाट सत्यशोधक समाजाने दाखवली होती. 1877 च्या दुष्काळात जोतीराव व सावित्रीबाई फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडी येथे निराधार मुलांसाठी अन्नछत्र चालवले होते. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी दरडोई अवघा एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला, तेव्हा अल्प वर्गणीवरही मोठे सार्वजनिक काम उभे राहते याची खात्री पटली.

सत्यशोधक विचारांच्या मुशीत घडलेले भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये तिचे कार्यालय साताऱ्यास हलवले. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. गांधीजींच्या हस्ते 1927 मध्ये त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. अशा वसतिगृहासाठी पैशाऐवजी धान्य मागण्यात ग्रामीण अर्थव्यवहाराची अचूक जाण होती. शेतकऱ्याच्या हाती रोकड आली तरी सुगीपुरती येई आणि तीही बहुधा सारा व सावकार यांत संपे, धान्य मात्र कणगीत असे. शिवाय खळ्यावर बलुतेदारांचा वाटा काढून ठेवण्याची सवय गावाला पिढ्यान्‌पिढ्यांची होती. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, रोकड पुरुषाच्या ताब्यात राहत असली तरी जात्याशी बसणारी स्त्रीच रोजच्या धान्याचा हिशेब ठेवी, त्यामुळे या दानाचा निर्णय तिच्या हाती आला. स्वतः अक्षरओळख नसलेल्या असंख्य स्त्रियांनी परक्या जातीच्या, परक्या गावच्या मुलांच्या शिक्षणासाठी आपल्या घासातला घास काढला, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील अत्यंत मोलाची घटना मानली पाहिजे. परंतु देणगीदारांच्या शिलालेखांत त्यांची नावे नाहीत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, म्हणून त्यांचे नाव तेवढे स्मरणात राहिले. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले.

धान्याला श्रमाची जोड होती. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वानुसार विद्यार्थी शेती करीत व बांधकामावर राबत, त्यामुळे दान घेणारा मुलगा केवळ याचक राहत नसे. माधुकरी आणि मुष्टिफंड यांतील खरा भेद येथे आहे: पहिलीत एका विद्यार्थ्याचा निर्वाह आणि दात्याचे पुण्य एवढाच व्यवहार होता, दुसऱ्यात गावाला संस्था आपली वाटू लागली.

या आपलेपणाची कसोटी 1948 नंतर लागली. गांधीहत्येनंतरच्या वादात मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. त्या काळात भाऊराव पुन्हा लोकांपुढे गेले, गाडगे महाराजांनी त्यांची बाजू सरकारपुढे मांडली, आणि पुढे अनुदान पूर्ववत होईपर्यंत रयतेच्या मदतीवर संस्था चालू राहिली.