पाच शक्तीचा शेतकरी

एप्रिल १९८९ मध्ये जपानच्या दूरचित्रवाणीवर ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही कार्टून मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात राडिट्झ नावाचा योद्धा परग्रहावरून एका शेतात उतरतो. समोर शेतकरी बंदूक घेऊन उभा आहे. राडिट्झच्या डोळ्यावर एक यंत्र आहे. समोरच्याची ताकद ते आकड्यात सांगते. यंत्र सांगते : पाच. शेतकरी गोळी झाडतो. राडिट्झ ती हातात झेलून त्याच्याच अंगावर फेकतो. शेतकरी मरतो. त्याला नाव नाही. त्याच्यासाठी कोणी रडत नाही. कथा पुढे जाते.

पाहणाऱ्यांनी पुढे या शेतकऱ्याची जगभर थट्टा केली. मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. मला काही हसू आले नाही. माणसाला आकडा चिकटवून त्याची किंमत ठरवणारे यंत्र आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. परंतु माझा प्रश्न राडिट्झबद्दल नाही. तो तर खलनायक. माझा प्रश्न नायकाबद्दल आहे. ज्या कथेत एकाच्या ताकदीला सीमा उरत नाही, त्या कथेत त्याच्या सोबत्यांचे काय होते? कार्टून म्हणजे पोरांचा खेळ, असे म्हणून हा प्रश्न टाळता येणार नाही. आपल्या वर्गातली मुले याच कथा तोंडपाठ सांगतात. माणसाची योग्यता कशावर ठरते, याचे पहिले धडे ती इथे घेतात.

हे नेहमी असेच नव्हते. अकिरा तोरियामा (मृत्यू १ मार्च २०२४) यांनी ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात १९८४ साली सुरू केली. १९८६ मध्ये तिची कार्टून मालिका झाली. सुरुवातीच्या त्या कथेत गोकू आणि क्रिलिन ही दोन पोरे एकाच गुरूकडे शिकतात. शिक्षण कसले? पहाटे पायी दूध घालायचे, नुसत्या हातांनी शेत नांगरायचे, पाठीवर वीस किलोचे कासवाचे कवच बांधून दिवसभर राबायचे. दोघांना काम सारखे. पहिल्या स्पर्धेत गुरू स्वतः वेश बदलून उतरतो आणि गोकूला हरवतो, कारण आपल्यावर कोणी नाही हा गर्व पोराला चढू नये. पुढच्या स्पर्धेत तेनशिनहान हा तीन डोळ्यांचा माणूस गोकूला हरवतो. इथे ताकद श्रमातून येते आणि म्हणून ती कोणालाही मिळू शकते. नायक हरू शकतो आणि सोबती जिंकू शकतो.

राडिट्झ आला आणि कथेचा पायाच बदलला. गोकू हा माणूस नाहीच, तो सायान नावाच्या लढवय्या जमातीत जन्मला आहे, हे त्याने सांगितले. त्या जमातीत मूल जन्मताच त्याची ताकद मोजतात. कमी भरलेल्या मुलाला खालच्या दर्जाचे ठरवून दुबळ्या ग्रहावर पाठवतात. गोकू असा खालच्या दर्जाचा. सायानांचा राजपुत्र व्हेजिटा त्याला हे तोंडावर ऐकवतो. गोकूचे उत्तर असे की, पार मागे पडलेलासुद्धा जीव तोडून राबला तर वरच्याच्या पुढे जाऊ शकतो. हे उत्तर ऐकून आपल्यातल्या कुणाची छाती भरून येणार नाही? शिवाय ती लढाई गोकू एकटा जिंकत नाही. क्रिलिन लढतो, गोकूचा लहान मुलगा गोहान लढतो, आणि व्हेजिटाला राक्षसी रूप देणारे शेपूट तलवारीने तोडतो तो यजिरोबे, लढाईला भिऊन लपून बसलेला एक खादाड माणूस.

पण ही शेवटची सामुदायिक लढाई म्हणावी लागेल. पुढचा शत्रू फ्रीझा आपली ताकद पाच लाख तीस हजार असल्याचे सांगतो. शेतकऱ्याच्या पाचापासून कथा इथवर पोचली. आता श्रम पुरत नाहीत. १९९१ मध्ये मालिकेतला गोकू सोनेरी केसांचा महासायान होतो. त्यासाठी निमित्त काय? क्रिलिनचा मृत्यू. ज्याने सोबत दूध घातले, शेत नांगरले, तो आता नायकाच्या संतापाचे सरपण झाला. आणि हे महासायानपण फक्त सायान रक्तालाच मिळते. व्हेजिटाला मिळते, पोरांना मिळते. क्रिलिन, याम्चा, तेनशिनहान यांना कितीही राबले तरी मिळत नाही. खालच्या दर्जाच्या गोकूने जन्माची उतरंड मोडली खरी, पण मोडता मोडता तो तिच्या माथ्यावर जाऊन बसला आणि उतरंड जागच्या जागी राहिली. माणूस म्हणून जन्मलेल्यांचे काम एवढेच उरले : दूर कड्यावर उभे राहायचे, डोळे विस्फारायचे आणि नायक किती बलाढ्य आहे हे एकमेकांना सांगायचे.

यामागे केवळ लेखकाची लहर नव्हती, बाजार होता. ‘शोनेन जंप’चे ब्रीद मैत्री, परिश्रम आणि विजय या तीन शब्दांचे. पण कोणती कथा चालू ठेवायची हे वाचकांच्या पोस्टकार्डांवरून दर आठवड्याला ठरे. १९९४-९५ च्या सुमारास या साप्ताहिकाचा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला होता. एवढ्या खपाची कथा संपवणे परवडत नाही. कथा लांबवायची तर नवा शत्रू जुन्याहून मोठा हवा, आणि नायक त्याहून मोठा. दर फेरीत खालचे गळत जातात. दूरचित्रवाणीवर आणखी एक अडचण होती. मालिका छापील कथेला गाठू लागली की लढाई ताणावी लागे. फ्रीझाशी लढाई चाललेला ग्रह पाच मिनिटांत फुटणार म्हणतात, आणि ती पाच मिनिटे कित्येक भाग चालतात. ही पोकळी भरायला कड्यावरच्या सोबत्यांचे चकित चेहरे कामी आले. म्हणजे सोबती पडद्यावर होते. त्यांना करायला काही नव्हते. दिसणे आणि असणे यांतला फरक आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

दुसरे उदाहरण अधिक जिव्हारी लागणारे आहे. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ १९९९ ते २०१४ छापली गेली आणि २००२ ते २०१७ या काळात दोन मालिकांचे मिळून ७२० भाग झाले. नारुतो अनाथ आहे. त्याच्या देहात एक राक्षस कोंडलेला आहे म्हणून गाव त्याला टाळते. परीक्षेत तो तीनदा नापास झाला आहे. त्याच्यासमोर नेजी ह्यूगा उभा राहतो. नेजीच्या घराण्यात थोरली शाखा आणि धाकटी शाखा आहे. धाकटीत जन्मलेल्याच्या कपाळावर डाग उमटवतात. थोरलीची राखण करायची आणि वेळ आली तर तिच्यासाठी मरायचे, एवढेच त्याचे आयुष्य. नेजीचा बाप असाच मेला. जन्मानेच सगळे ठरते, असे नेजी म्हणतो. नारुतो त्याला हरवतो, तेही ज्या विद्येत आपण नापास झालो तिच्याच बळावर, आणि गावाचा प्रमुख झाल्यावर तुझ्या घराण्याची रीत बदलीन असे वचन देतो.

पुढे काय झाले? नारुतो हा चौथ्या गावप्रमुखाचाच मुलगा निघाला. एवढ्यावर भागेना, तेव्हा तो प्राचीन काळच्या आशुराचा पुनर्जन्म ठरला आणि त्याचा प्रतिस्पर्धी सासुके हा इंद्राचा. बौद्ध धर्माबरोबर भारतातून जपानला गेलेली ही नावे. या कथेत असुर सज्जन आणि इंद्र गर्विष्ठ, हे आपल्या वाचकाला गमतीचे वाटेल. पण टाकलेल्या पोराची कथा शेवटी कुळाची आणि पूर्वजन्माची झाली, ही गोष्ट त्या गमतीने झाकली जात नाही. नेजी युद्धात नारुतोला वाचवताना मेला. कपाळावरचा डाग मेल्यावर गेला, जिवंतपणी नाही. आणि अंतिम लढाईच्या वेळी सहकाऱ्यांची सारी फौज एका महावृक्षाला कोषात गुंडाळून, झोपवून टांगलेली होती. सोबत्यांना बाजूला सारण्याची इतकी उघड पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला सांगितले, “सर, मला नारुतो नाही आवडत. मला रॉक ली आवडतो. त्याला मंत्रविद्या काहीच येत नाही, नुसती मेहनत येते.” रॉक ली गारा नावाच्या बलाढ्य मुलाशी लढतो, हातपाय चिरडून घेतो आणि शुद्ध गेली तरी उभा राहतो. त्या मुलाला तो का आवडतो हे मी विचारले नाही. मला कळले. आणि पाचशे भागांच्या दुसऱ्या मालिकेत रॉक लीला तसा दिवस पुन्हा आला नाही, हेही मी त्याला सांगितले नाही. ते त्याला ठाऊकच असणार.

नायक बलाढ्य असला की असेच होणार, असे मात्र नाही. २०१५ मध्ये आलेल्या ‘वन पंच मॅन’ मालिकेत सैतामा हा नायक कोणालाही एका ठोशात लोळवतो. ताकद इतकी की तिच्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. मग कथा इतरांकडे वळते. एका भागात समुद्रातून आलेला राक्षस एकेका वीराला तुडवतो. शेवटी सायकलवरून येणारा, सर्वांत खालच्या वर्गातला मुमेन रायडर त्याच्यासमोर उभा राहतो. आपण जिंकणार नाही हे त्याला माहीत आहे. तो पडतो, पुन्हा उठतो. मग सैतामा येतो आणि एका ठोशात काम संपवतो. गर्दीतला एकजण म्हणतो, आधीचे सगळे निकामीच होते. तेव्हा सैतामा हसून खोटे बोलतो : त्यांनी त्याला आधीच दमवले होते, मी आयते श्रेय घेतले. लोक त्याला लबाड समजतात. तो समजू देतो.

इतिहासाच्या शिक्षकाला या खोट्यात मोठे सत्य दिसते. ताकद हा दोष नाही. सगळ्यांचा हिशेब एकाच्या खात्यावर मांडणे हा दोष आहे. कथा लिहिणारा तो करतो, इतिहास लिहिणाराही करतो, आणि आपणही त्याला अपवाद नाही. पुढच्या वेळी मुलांशी या मालिकांबद्दल बोलाल तेव्हा नायक कोण हे विचारू नका. त्या शेतकऱ्याचे नाव काय होते, ते विचारा.