जमाबंदीत न नोंदलेला वारा

मध्यप्रांताच्या अमदानीतील जमाबंदीची दप्तरे ज्यांनी सवडीने चाळली आहेत, त्यांना भंडारा जिल्ह्याच्या साकोली तहसिलीतील गावांची इतकी बारीक माहिती मिळते, की जमिनीची प्रत, तलावाखालचे ओलीत, मालगुजाराचा हिस्सा, कुळांचे हक्क आणि निस्ताराची वहिवाट यांपैकी काहीच अंमलदारांच्या नजरेतून सुटले नसावे असे वाटू लागते. तरीही ज्या एका गोष्टीवर सारा, वसूल, सूट आणि तहकुबी हा सगळा व्यवहार उभा होता, त्या वाऱ्यासाठी त्या दप्तरांत रकाना नव्हता. तहसिलीच्या आवारात पुढे पर्जन्यमापक आला, पाऊस इंचांत उतरू लागला. परंतु तो पाऊस ज्याच्या पाठीवर बसून येई, त्याचा उगम शोधण्याचे काम कोणत्याही पटवाऱ्याच्या कुवतीबाहेरचे होते.

याच जुन्या साकोली तहसिलीत, आज गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ जेथे इटियाडोहाचा जलाशय पसरलेला आहे, तो प्रदेश झाडीपट्टीचा, म्हणजे धानाचा. धान हे पीक एकूण पावसापेक्षा पावसाच्या वेळेवर अधिक अवलंबून असते. मृगात पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकावेत, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणी व्हावी, श्रावणात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी उभे राहावे आणि भारी धानाला आश्विनात शेवटचे एक पाणी मिळावे, हा येथील शेतीचा क्रम. आणि त्या शेवटच्या पाण्यानेच कित्येकदा वर्षाचा निकाल लावलेला आहे. कोहळी समाजाने हे फार पूर्वी ओळखले होते. गोंड राजांच्या काळी हे लोक काशीकडून येथे आणवले गेले असे परंपरा सांगते. ते काहीही असो, वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधण्याची विद्या त्यांच्याइतकी कोणी आत्मसात केली नाही. इटियाडोहापासून फार दूर नसलेला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. टेकड्यांमधल्या खिंडी पाळींनी बुजवून सुमारे पाच चौरस मैलांचे पाणी अडवणारा तो पुरुष कोणत्याही अभियांत्रिकी विद्यालयाचा पदवीधर नव्हता, हे आपल्याकडील पदव्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी अधूनमधून आठवावे. पाळीतून पाणी सोडण्याचे तुडुम, जास्तीचे पाणी वाहून नेणारा सलंग आणि त्याखाली एकापुढे एक उतरत जाणाऱ्या बोड्या, म्हणजे लहान तळी, ही सर्व रचना एका गृहीतावर उभी होती: वारा दरवर्षी येईल, परंतु हवा तेव्हा येईलच असे नाही.

तो का येतो, याचा उलगडा युरोपात साधारण त्याच काळात होऊ लागला होता. 1686 मध्ये एडमंड हॅली याने व्यापारी व मोसमी वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि सूर्याच्या उष्णतेने तापून वर चढणारी हवा हेच वाऱ्याचे मूळ कारण, असा सिद्धान्त मांडला. 1735 मध्ये जॉर्ज हॅडली याने त्यात पृथ्वीच्या परिवलनाची भर घातली. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर जाते, उंचावरून ध्रुवांच्या दिशेने पसरते, तीस अंशांच्या आसपास खाली उतरते आणि भूपृष्ठालगत पुन्हा विषुववृत्ताकडे परतते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हा प्रवाह उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो. या वळणाचे गणित कोरिऑलिसने 1835 मध्ये यंत्रांच्या संदर्भात मांडले आणि फेरेलने 1856 मध्ये वातावरणाला लावले. उन्हाळ्यात आपला भूखंड तापून त्यावरील हवेचा दाब उतरला, की दक्षिण गोलार्धातील आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळून नैर्ऋत्य होतात आणि समुद्राची वाफ घेऊन हिंदुस्थानात शिरतात.

झाडीपट्टीत मात्र या सोप्या चित्राला एक विलक्षण मुरड पडते. सह्याद्रीने अडवून कोरडा केलेला अरबी समुद्रावरील वारा येथे पोहोचतो खरा, पण येथील मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागराचा प्रसाद असतो. उपसागराच्या शिरोभागी कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते, ओडिशा व छत्तीसगड ओलांडून पश्चिम-वायव्येकडे सरकते आणि त्याच्या नैर्ऋत्य अंगाला सर्वांत जोराचा पाऊस पडतो. म्हणून येथील शेतकऱ्याच्या तोंडावर वारा पश्चिमेचा लागतो आणि पाऊस पूर्वेकडून चालून येतो. यात विसंगती काही नाही: चक्राकार फिरणाऱ्या हवेच्या दक्षिण बाजूस वारा पश्चिमेचाच असणार, तर त्या संपूर्ण चक्राला ओढून नेणारा प्रवाह वरच्या थरांत पूर्वेकडून वाहत असतो. आणि गंगेच्या मैदानावर पसरलेला कमी दाबाचा पट्टा जेव्हा हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, तेव्हा तिकडे नद्यांना पूर येतात आणि इकडे बांधीतील चिखलाला भेगा पडतात. पावसाचा खंड म्हणतात तो हाच.

खंड लांबला तर काय होते, हे 1896 आणि 1899 या दोन वर्षांनी दाखवले. पहिल्या साली पाऊस ऐन भाद्रपदात पाठ फिरवून गेला, दुसऱ्या साली तो मुळातच तोकडा पडला, आणि मध्यप्रांताने लागोपाठ दोन दुष्काळ पाहिले. सरकारला वाऱ्याची खरी आठवण अशाच प्रसंगांनी करून दिली आहे. हवामान खाते 1875 मध्ये स्थापन झाले होते. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने 1884 मध्ये हिमालयावरील बर्फ आणि पुढील पाऊस यांचा संबंध सुचवला आणि त्यानंतर लवकरच दीर्घ मुदतीचे अंदाज निघू लागले. 1899 चा पाऊस मात्र या अंदाजांना दाद न देता चुकला. पुढे 1904 मध्ये आलेले गणिती गिल्बर्ट वॉकर यांनी निरनिराळ्या खंडांतील हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहण्याचा असा सपाटा लावला, की प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरील दाब एकमेकांच्या उलट चढउतार करतात, हे त्यांच्या ध्यानी आले. कारण त्यांना सांगता आले नाही, आणि समकालीनांनी त्यांच्याकडे काहीशा संशयानेच पाहिले. ते कारण 1969 मध्ये याकोब ब्यर्कनेस याने प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाच्या उष्णतेत दाखवून दिले आणि विषुववृत्तावरील त्या पूर्व-पश्चिम अभिसरणाला वॉकरांचे नाव दिले. साकोलीच्या तहसीलदाराला सूट का द्यावी लागली, याचे उत्तर पेरूच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात काही अंशी होते.

तोपर्यंत झाडीपट्टीत पुष्कळ उलथापालथ झाली होती. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ज्यांच्या हितासाठी गाळ निघत होता व पाळी दुरुस्त होत होत्या ते मालक उरले नाहीत. मालगुजारीचा गौरव करण्याचे कारण नाही; पण तलावाला धनी लागतो, एवढे त्या काळाने सिद्ध केले. 1970 मध्ये गाढवी नदीवर इटियाडोहाचे मातीचे धरण पुरे झाले: सुमारे 500 मीटर लांब, 30 मीटरच्या जवळपास उंच, आणि सुमारे 29 कोटी घनमीटर पाणी पोटात घेणारे. त्याचे कालवे अर्जुनीपासून वडसा-आरमोरीपर्यंतच्या बांध्यांना पाणी देतात. कोलू पाटलाने केले तेच येथे अधिक मोठ्या प्रमाणावर केलेले आहे. ज्या दिवसांत वारा फिरकत नाही, त्या दिवसांसाठी आधीच्या दिवसांचे पाणी राखून ठेवलेले आहे.

या जलाशयाच्या परिसरात 1972 मध्ये तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत झाली. इतिहास अशा गाठी मुद्दाम घालीत नाही, तरी त्या नजरेआड करवत नाहीत: समुद्रसपाटीपासून सरासरी साडेचार हजार मीटर उंचीचे जे पठार हे लोक मागे सोडून आले, त्याच्या उन्हाळी तापण्यानेच वातावरणाच्या वरच्या थरांतील पूर्वेकडचा वेगवान प्रवाह बळावतो आणि हिंदुस्थानच्या पावसाला जोर येतो.

खुद्द जलाशयानेही आपल्यापुरते लहानसे अभिसरण चालवलेले आहे. दिवसा काठची जमीन पाण्याआधी तापते आणि पाण्यावरची थंड हवा तिच्याकडे सरकते. रात्री जमीन लवकर निवते आणि प्रवाह उलटतो. मोसमी वाऱ्याचे हे फारच क्षीण रूप, आणि दिवसभर चालणारा मोसमी वारा त्याला बहुतेक वेळी गिळून टाकतो.

धरणाची मर्यादा दिसते ती पाऊस सरल्यावर. आश्विन-कार्तिकात ईशान्येचे कोरडे वारे सुरू झाले, की धान कापून त्याच्या कडपा बांधीत वाळत पडतात आणि पुढे चुरणे व उपणणे यांसाठी तोच वारा उपयोगी पडत असे. उपणणी आता यंत्रातल्या पंख्याने होते. परंतु याच महिन्यांत बंगालच्या उपसागरावर चक्रीवादळे उठतात, आणि त्यांतील एखादे आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोडून त्याचे ढग वैनगंगेपर्यंत आले, तर भिजलेल्या कडपांना कोंब फुटतात. कोरड्या पडलेल्या बांधीला कालव्याचे पाणी देता येते. नको त्या वेळी आलेल्या वाऱ्यावर ना तुडुमाचा इलाज चालतो, ना दरवाजांचा, आणि अशा वर्षी पंचनाम्यासाठी पटवारी पुन्हा बांधीवर येतो.