मुठेचा कालवा आणि मुळा-मुठेचे पात्र : दौंड-शिरूरच्या पाण्याचा इतिहास

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेत मोडतात. त्यामुळे येथील पाण्याचा इतिहास स्थानिक पावसापेक्षा सह्याद्रीच्या घाटमाथ्याशी अधिक निगडित आहे. कर्नल फाइफ यांच्या योजनेतून मुठेवर खडकवासला येथे १८७९ च्या सुमारास धरण पूर्ण झाले. त्याच्या उजव्या कालव्याने पुण्याच्या छावणीस पाणी दिलेच, शिवाय हवेली-दौंडमधील जिरायत जमीन ओलिताखाली आणली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ हे धरणही फुटले. पुढे नवा कालवा झाला. जुना लोकांच्या तोंडी ‘बेबी कालवा’ झाला.

शहर वाढले तसा धरणातील त्याचा वाटाही वाढला. वापरलेले पाणी मात्र मुळा-मुठेतून पूर्वेकडे वाहत येऊन शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते. उन्हाळ्यात मूळ प्रवाह आटतो, सांडपाणी आटत नाही. ते सौम्य करण्यास पुरेसे पाणीच नसल्याने विरघळलेला प्राणवायू घटतो, जलपर्णी माजते. अशा नदीस ‘बारमाही’ म्हणणे धाडसाचेच! पात्र धुऊन काढण्याचे काम पावसाळी पुरांचे. परंतु आता मोजक्या दिवसांतील अतिवृष्टी आणि दीर्घ खंड यांनी तो क्रम विसकटतो. मे २०२५ मध्ये दौंडने ऐन उन्हाळ्यात मुसळधार पाऊस अनुभवला.

मुंढवा येथे प्रक्रिया केलेले पाणी उचलून बेबी कालव्यात सोडण्याची योजना वर्षाला साडेसहा टीएमसीची आहे. धरणाचे पाणी शहराला, शहराचे शेताला, असा हा बदल्याचा व्यवहार. हिशेबात तो चोख दिसतो. पण त्यात केवळ परिमाण मोजले जाते, गुणवत्ता नव्हे. कालव्याच्या पाझरावर भरणाऱ्या विहिरींत हेच पाणी उतरते.