वहीत लिहिलं होतं, पण वाचलं कुणी?

आजच्या भागात राजे-लढाया नाहीत. आज तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांची गोष्ट. इतिहास तसा ताजाच आहे, 2008 सालापासूनचा.

झालं असं, की निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी वगैरे अर्थतज्ज्ञांना एक साधा प्रश्न पडला होता. बाहेरचा सल्लागार आला तर कारखान्याचं खरंच भलं होतं का? त्यांनी कुटुंबांनी चालवलेल्या 17 कंपन्या निवडल्या आणि सल्ला फुकट दिला. 14 कारखान्यांना एक महिना तपासणी, वर चार महिने रोजची मदत. तुलनेसाठी 6 कारखान्यांना फक्त तपासणी.

आत काय दिसलं? हत्यारं जमिनीवर पडलेली. सुताच्या गोण्यांवर खूण नाही. कापडातले फॉल्ट दुरुस्त करायला माणसांची फौज, पण फॉल्ट मुळात येतो कुठून, हे रोज बघायची पद्धत नाही. सल्लागारांनी काही जादू केली नाही. साफसफाई, सुताची मोजदाद, मशीनची वेळेवर देखभाल, फॉल्टची रोजची नोंद आणि त्यावर रोज सकाळी मीटिंग. अशा 38 साध्या पद्धती होत्या. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्के वाढली.

मग मालक हे आधीच का करत नव्हते? काही पद्धती त्यांना माहीतच नव्हत्या, आणि काहींनी फायदा होईल असं वाटत नव्हतं. दुसरं कारण जास्त खोल आहे. घराबाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, चोरीची भीती. त्यामुळे कंपनी किती वाढणार, हे बरंचसं घरात मुलगे आणि भाऊ किती आहेत यावर ठरत होतं!

2017 मध्ये संशोधक परत गेले. लागू केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या गळाल्या होत्या. मॅनेजर बदलले, मालकांना वेळ नव्हता. तरी उरलेल्या टिकल्या, आणि त्याच कंपन्यांच्या दुसऱ्या कारखान्यांतही पोचल्या.

हे वाचून मी दिवाळीत इचलकरंजीला काकांकडे गेलो. त्यांचे आठ यंत्रमाग आहेत. मी विचारलं, "काका, फॉल्ट लिहून ठेवता का?"

"अरे, रोज लिहितो! ही बघ वही."

"आणि वाचता कधी?"

काका हसले. मग आम्ही दोघं बसलो, तीन महिन्यांची पानं मागांप्रमाणे लावली. निम्म्याहून जास्त फॉल्ट एकाच मागावरचे निघाले. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हा माग तुझ्या आजोबांनी घेतलेला पहिला. मला वाटायचं, विणकरच नीट लक्ष देत नाही. किती बोललोय मी त्याला."

मी दिवसभर ऑफिसात डॅशबोर्ड बनवतो. त्यातले किती कुणी उघडतं, हे मीही कधी तपासलं नव्हतं, त्यामुळे काकांना शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण सल्लागार कारखान्यात नेमकं काय करतो, ते मला त्या संध्याकाळी कळलं. वही तुमचीच असते. तो ती तुमच्या शेजारी बसून वाचतो, आणि दोष चुकीच्या माणसावर जात असेल तर तेही दिसतं.

तुमच्या घरच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये अशी वही असेल तर या रविवारी उघडा. भेटू पुढच्या भागात!